अन्नदेचं अपहरण

“लिहून घे ओमेश,” भैयाजी पटले म्हणाले, “पुढंमागं कोणी माझं चरित्र लिहायला बसला तर त्याची गैरसोय नको. नजर घारीची. कान सशाचे. नाक मुंगीचं. स्मरणशक्ती हत्तीची. आणि झोप कुत्र्याची, खुट्ट झालं की जागा. असा मेंदू शंभर वर्षांत एकदा जन्माला येतो, आणि या खेपेला तो आपल्या जिल्ह्यात आला, हे जिल्ह्याचं भाग्य.”

ओमेश बिसेननं शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. एवढी जनावरं एका माणसात ठेवायची तर वनखात्याची परवानगी लागत असेल, असं त्याच्या मनात आलं.  पोळ्याच्या झुली शिवून शिवून त्याची कंबर गेली होती. आसपासच्या बैलांनी कालच्या पोळ्याला अंगावर जे काही मिरवलं ते सगळं ओमेशच्या मशीनखालून गेलं होतं. शेवटची झूल देऊन तो जो आडवा झाला, तो आज पाडव्याला ऊन चांगलं वर आल्यावर उठला. उठून दुकान उघडतो तर भैयाजी पायरीवर हजर.

मुळात दुकान ओमेशचं. भैयाजींनी उभी हयात राइस मिलमध्ये तांदळातले खडे ओळखण्यात घालवली होती. मग खडे वेचायचं मशीन आलं आणि मालकानं भैयाजींनाच खड्यासारखं बाजूला काढलं. दुसरा कोणी असता तर खचला असता. भैयाजींनी विचार केला, जो माणूस पोतंभर तांदळातून एक खडा हुडकतो, त्याला शहरभर माणसांतून एक चोर हुडकणं काय जड आहे? त्यांनी ओमेशच्या दुकानावर पाटी लावली: ‘भैयाजी पटले, खाजगी गुप्तहेर. अत्यंत गुप्त. चौकशी आत करावी.’ तेव्हापासून आत येणारं गिऱ्हाईक आधी ब्लाउजचं माप देई आणि मग भैयाजींकडे संशयानं पाही. आजवर त्यांच्या हाती आलेल्या केसेस बहुतेक शेळ्यांच्या होत्या, आणि संध्याकाळ झाली की शेळ्या आपल्या पायांनी घरी येऊन त्या सोडवत.

आज भैयाजींच्या कॉलरीत तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, काडी अडकली होती, अंगाला धुराचा वास येत होता आणि ते सारखा उजवा खांदा चोळत होते.

“खांदा धरला का जी?” ओमेशनं विचारलं.

“हेराचा खांदा आहे. जगाचा भार वाहतो.”

पोळ्याच्या पाडव्याला सकाळी अर्ध्या शहराच्या अंगाला तो वास असतो, म्हणून ओमेशनं पुढं काही विचारलं नाही. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. बहीण मंजूचा नवरा, उदाराम.

“भाऊ,” उदारामचा आवाज चिरकला होता, “बगीच्यातली मूर्ती चोरीले गेली. साहेब म्हणून राहिले, उद्या उद्घाटनाले मूर्ती जाग्यावर नसन त तू बी जाग्यावर नसशीन.”

ओमेशच्या हातातली कात्री खाली आली. उदाराम नगर परिषदेच्या नव्या बगीच्याचा चौकीदार. नोकरी कंत्राटी, पण महिन्याच्या महिन्याला पगार होता, आणि मंजूनं त्या भरवशावर पोरीला इंग्रजी शाळेत घातलं होतं. यापूर्वी उदाराम तेंदूपत्त्याच्या हंगामात सालेकशाकडे जाई आणि उरलेलं वर्ष कामाच्या शोधात काढी. ते दिवस मंजूनं कसे काढले हे ओमेशनं पाहिलं होतं.

“पोलिसांत दिलं का?”

“साहेब नाई म्हणते. पेपरात येईन म्हणते, मंत्री यायच्या पयले.”

ओमेशनं फोन ठेवला. सबंध दुकानात मदत करू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो स्वतःच्या कॉलरीतली काडी काढून तिनं दात कोरत होता. अडला हरी म्हणतात तो असा. ओमेशनं मोपेड काढली.

शहराचं नाव इथं सांगत नाही. सांगितलं तर नगर परिषद मानहानीचा दावा लावेल, आणि मग आधी मान होता हे तिला कोर्टात सिद्ध करावं लागेल. उगाच कशाला कोणाला अडचणीत आणा. तर या शहरात वर्षभर ‘शहर सौंदर्यीकरण’ चाललं होतं. गावोगावी कला रस्त्यावर येते, मग आपल्याच गावची कला घरात का बसावी, असं अध्यक्ष छोटेलालजींनी सभेत विचारलं आणि ठराव पास झाला. मोठ्या चौकात सिमेंटचा सारस आला. त्याची मान कंत्राटदारानं वाकवली ती एवढी, की सारस हरवलेली चप्पल शोधतोय असं वाटे. बस स्टँडवर प्लास्टिकच्या बाटल्यांचा मासा आला. त्याच्या तोंडात लोक खऱ्या बाटल्या टाकू लागले. भिंतीभिंतींवर वाघ, मोर आणि भात रोवणाऱ्या बाया आल्या, आणि त्या बायांवर कमरेपर्यंत खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, लाल पिचकाऱ्या आल्या. लोकांचं कलेशी म्हणून जे काही नातं जुळलं ते एवढंच. सारसाच्या पायाला मंडपाची दोरी बांधता येते हा शोध लागल्यावर त्याच्याबद्दल मात्र थोडी आपुलकी वाढली होती.

या सगळ्यावर कळस म्हणून नव्या बगीच्यात ‘अन्नदा’ नावाची मूर्ती बसायची होती. शहरभर होर्डिंग लागलं होतं. त्यावर छोटेलालजींचा हात जोडलेला फोटो म्हशीएवढा, आणि खाली कोपऱ्यात अंगठ्याएवढी, सोन्यासारखी झळाळणारी अन्नदा. खाली लिहिलं होतं: ‘मिश्र माध्यम.’

“मिश्र म्हणजे पितळ, तांबं आणि आणखी काहीतरी,” मोपेडवर मागं बसून भैयाजींनी सांगून टाकलं. “भंगाराच्या बाजारात सोन्याचा भाव. केस अर्धी सुटली.”

बगीचा म्हणजे पूर्वीचं वार्डाचं मोकळं मैदान. तिथं आता फरशा, लोखंडी बाकं आणि ‘गवतावर बसू नये’ अशी पाटी आली होती. गवत अजून यायचं होतं. जुनी चिंच तेवढी तोडायची राहिली होती. चिंचेखाली चबुतरा, आणि चबुतरा रिकामा. शेजारच्या बाकावर निळी ताडपत्री घडी घालून ठेवलेली होती, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगडही होता.

उदाराम गेटपाशी उकिडवा बसला होता. त्यानं सांगितलं ते एवढंच. मूर्ती काल संध्याकाळी ट्रकमधून आली, ताडपत्रीतच आली आणि ताडपत्रीतच उभी केली. अनावरणाआधी कोणाच्या नजरेला पडू नये, असा मुख्याधिकारी साहेबांचा हुकूम होता. त्यामुळं चौकीदारानंही ती पाहिली नव्हती. रात्रभर तो जागला. उजाडायच्या सुमाराला बदलीचा माणूस यायचा होता, तो पाडव्यामुळं आला नाही. उदारामनं गेटला कुलूप लावलं, किल्ली रोजच्यासारखी मंदाबाईच्या चहाटपरीवर दिली आणि घरी जाऊन झोपला. परत येतो तर हे.

“माहीच चुकी होय भाऊ,” तो म्हणाला. “मंजूले अजून सांगतलं नाई.”

“रडू नका उदाराम,” भैयाजी म्हणाले. “तुमची नोकरी आता माझ्या हातात आहे.”

हे ऐकून उदारामचा चेहरा आणखी पडला.

भैयाजींनी पाहणी सुरू केली. ताडपत्रीची घडी त्यांनी वास घेऊन तपासली. “परदेशी टोळी,” ते म्हणाले. “आपल्याकडचा चोर वस्तू नेतो, घडी घालत नाही. आपल्याकडचा प्रामाणिक माणूससुद्धा घडी घालत नाही.”

मग ते मातीवर ओणवे झाले. चबुतऱ्याभोवती अनवाणी पावलांचे ठसे होते, पावलावर पाऊल, इतके की खालची माती दिसत नव्हती.

“बहुत लोक होते वाटते,” ओमेश म्हणाला.

“इथंच तू चुकतोस. चोर एकच होता. पण त्याचं मन त्याला खात होतं. चोरू का नको, चोरू का नको, असं करत बिचाऱ्यानं येरझाऱ्या घातल्या आहेत.”

“लहान पोरांचे बी पाय दिसून राहिले, भैयाजी.”

“येरझाऱ्या घालून घालून माणूस झिजतो.”

चबुतऱ्यापासून गेटपर्यंत आणि गेटातून पुढं नाल्याच्या रस्त्यानं तणस सांडत गेली होती. ओमेशला वाटलं, जरा त्या मागानं जाऊन पाहावं. भैयाजींनी त्याला अडवलं. तणस म्हणजे बैल. बैल म्हणजे बैलगाडी. म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या अंगावरची झूल उतरली नाही तोवर, त्याच्या मानेवर जू ठेवणारा कोणी पाषाणहृदयी माणूस. “अशा माणसाच्या मागं दोघांनीच जाणं धोक्याचं आहे,” ते म्हणाले आणि विरुद्ध दिशेला चालू लागले.

“मूर्ती नेमकी कशाची होती, किती उंच होती, थे त विचारू आधी?”

“असले प्रश्न पोलीस विचारतात ओमेश. हेर आधी गुन्हेगाराच्या मनात शिरतो. मूर्ती मागाहून आपोआप सापडते.”

शेळ्यांच्या बाबतीत हे खरं ठरलं होतं, म्हणून ओमेश मागोमाग निघाला. पण मंजू त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

मूर्ती करणारी शिल्पकार पलीकडच्या बाकावर बसली होती. रुची तिचं नाव, गाव नाशिक. सरकारी निवासात उतरून, वार्डातल्या घराघरांत फिरून तिनं अन्नदा घडवली होती. डोळे सुजलेले होते, तरी तिनं नीट बोलायचा प्रयत्न केला.

“अन्नदेचं वर्णन करा,” भैयाजी म्हणाले.

“वर्णन कसं करू? ती वस्तू नव्हती. ती माती होती. घाम होती. भूक होती.”

“लिही ओमेश. माती, घाम, भूक. चोर एक तर शेतकरी, नाहीतर हॉटेलवाला.”

रुचीनं ओमेशकडे पाहिलं. “हे खरंच गुप्तहेर आहेत?”

“पाटी आहे,” ओमेश म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

“माझं हे पहिलं मोठं काम,” ती म्हणाली. “इथल्या बायकांसाठी केलं. त्यांच्याजवळ बसून केलं. आता साहेब म्हणतायत की इथल्याच कोणीतरी चोरलं. तसं असेल तर मी पुढं काम करू कोणासाठी, सांगा ना.”  त्याला वाईट वाटलं, आणि त्यानं खिशातला रुमाल तिला दिला. त्यावर टाचणीनं लावलेली मापाची चिठ्ठी होती, ती मात्र आधी काढून घेतली.

मंदाबाईच्या टपरीवर भैयाजींनी चहा घेतला आणि उलटतपासणी घेतली.

“सकाळी किल्ली न्यायला कोणी अनोळखी माणूस आला होता?”

“नाई बा.”

“कोणी परदेशी? तोंड झाकलेला?”

“नाई.”

“संशयास्पद हालचाल?”

मंदाबाईनं मनापासून आठवून पाहिलं. “सकाळपासून माह्या टपरीवर एक बी अनोळखी माणूस आला नाई जी. सारे आपलेच होते.”

“पाहिलंस,” भैयाजी बाहेर येऊन कुजबुजले, “किल्ली कोणी नेलीच नाही. म्हणजे कुलूप किल्लीशिवाय उघडलं. टोळी फार पोचलेली आहे.”

मग ते भंगारवाल्याकडे गेले. तिथं बाटल्यांच्या माशाची शेपटी मिळाली आणि चौकातल्या ‘आय लव्ह’ पाटीतलं हृदय मिळालं. अन्नदा नव्हती. मग पेंटर कैलाशवर संशय आला. भिंतीवरचे सगळे वाघमोर त्यानंच काढलेले. बाहेरून शिल्पकार आणली म्हणून तो जळत असणार, हे भैयाजींनी त्याला तोंडावर सांगितलं. कैलाश भात रोवणाऱ्या बाईच्या अंगावरची पिचकारी पुसत होता.

“जळून राहिलो न,” तो म्हणाला. “कोण नाई जळणार? तिची मूर्ती कोणी चोरून त नेली. माह्या भिंतीकडं कोणी पाहून बी नाई राहिला.”

इतकं खरं बोलणारा माणूस गुन्हेगारच असणार, असं भैयाजींचं मत पडलं. दुपार अशीच गेली. खांदा चोळत ते परदेशी टोळीपासून विरोधी पक्षापर्यंत आले, तिथून काळ्या जादूकडे वळले आणि शेवटी, मूर्ती मुळात नव्हतीच, नगर परिषदेनं रिकामी ताडपत्रीच उभी केली होती, या ठिकाणी थांबले. हे ओमेशला त्यातल्या त्यात पटलं होतं.

संध्याकाळी भैयाजींनी सगळ्यांना चबुतऱ्यापाशी बोलावलं. गुन्ह्याचा उलगडा गुन्ह्याच्या जागीच करायचा असतो, असा त्यांच्या धंद्याचा नेम होता. मुख्याधिकारी साहेब आले. ते कोल्हापूरकडचे, पावसाळ्याच्या तोंडी बदलून आलेले. हातात उदारामला कमी केल्याचा आदेश होता, फक्त सही बाकी. अध्यक्ष छोटेलालजी आले. रुची, कैलाश, मंदाबाई आले. मंजूला अखेर कळलं होतं. तिला ताप भरल्यासारखं झालं म्हणून ती घरीच पडून होती, आणि तिच्या जागी ओमेशची आई, सुलोचनाबाई, जावयाच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती.

“सज्जनहो,” भैयाजींनी सुरुवात केली, “गुन्हेगार आत्ता या बगीच्यात आहे.”

तसं पाहिलं तर हे त्यांनी खरंच सांगितलं होतं, पण त्याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी आधी कैलाशकडे बोट केलं. कैलाश म्हणाला, काल दिवसभर बैलांची शिंगं रंगवून मी रात्री त्यांच्याच गोठ्यात झोपलो होतो, वाटल्यास बैलांना विचारा. बोट मंदाबाईकडे वळलं. मंदाबाईनं चहाच्या उधारीची आठवण काढताच ते पुढं सरकलं आणि रुचीवर थांबलं.

“हीच! स्वतःची मूर्ती स्वतःच लपवली. पेपरात नाव यावं, म्हणून. किंवा पितळ विकायला.”

“पितळ?” रुची उभी राहिली. दिवसभर दाबून धरलेलं सगळं आता तिच्या तोंडावर आलं. “कुठलं पितळ? काय चोरीला गेलंय ते तुम्ही एकदा तरी विचारलंत का मला? हे बघा. नीट बघा, कोण विकत घेणार हे?”

तिनं मोबाईलवरचा फोटो भैयाजींपुढं धरला. भैयाजींचा चष्मा दुकानात राहिला होता. त्यांनी मोबाईल ओमेशला दिला. ओमेशनं पाहिला आणि मोबाईल आणखी जवळ धरला. तो काही बोलणार तेवढ्यात सुलोचनाबाईंनी त्याच्या खांद्यावरून मान पुढं केली.

बांबूच्या सांगाड्यावर तणसाची बाई. दोन्ही हात पसरलेले, अंगावर जुन्या लुगड्यांच्या चिंध्या, तोंड काळं.

“हे त आपली नारबोद होय,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “सकाळीच जाळली.”

साहेबांनी हातातला आदेश खाली घेतला.

“काय जाळली?” साहेबांनी विचारलं.

इथं, जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवं. नागपूरवाले मारबत म्हणतात, आम्ही नारबोद म्हणतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तणसाची, चिंध्यांची बाई खांद्यावर घेऊन सगळी वस्ती ओरडत निघते. खोकला घेऊन जा गे नारबोद, मच्छर घेऊन जा, रोगराई घेऊन जा. वस्तीच्या बाहेर नेऊन तिला जाळायचं, मागं वळून न पाहता घरी यायचं, आणि वर्षभर सुखानं राहायचं. या वार्डाची नारबोद पिढ्यान्‌पिढ्या याच मैदानात, याच चिंचेखाली उभी राहत आली होती.

“पण ही आमची मूर्ती होती!” साहेब म्हणाले.

“आमाले का मालूम, साहेब? दरवर्षी दुधरामबुवा करत होते. यंदा त्यायचा हात मोडला, थे गेले पोरीकडं तिरोड्याले. आता नारबोद कोण करन म्हणून आमी साऱ्याजणी फिकरीत. तेवढ्यात हे बाई घरोघरी आली. जुनी लुगडी द्या म्हणे, तुमच्या साऱ्यायच्या लुगड्यायची एक बाई उभी करतो म्हणे. नगर परिषदेनं पाठवलं म्हणे. आमाले वाटलं, आजकाल साऱ्याचंच टेंडर निघते, नारबोदीचं बी निघालं असन. साऱ्यायनं लुगडी देल्ली. सकाळी आलो, त चिंचेखाली उभीच होती. वाऱ्यानं ताडपत्री उचलली, खालून पाय दिसून राहिले होते तणसाचे. मंदाबाईकडून किल्ली आणली, ताडपत्री काढली, घडी घालून ठेवली.”

“घडी कशाला घातलीत?”

“नगर परिषदेची वस्तू होय, साहेब. चोरी कायले करू?”

साहेबांचा चेहरा लाल होत चालला होता. “नेली कोणी? मला नावं हवीत.”

“गेटापासून समोरून हे भैयाजी होते,” सुलोचनाबाई सरळ सांगून मोकळ्या झाल्या. “बाजूले अध्यक्षजी. काडी बी अध्यक्षजीनंच लावली.”

सगळे भैयाजींकडे वळले. भैयाजींचा हात उजव्या खांद्यावर होता, तिथंच राहिला.

“माह्या डोक्यामांगं होती न थे,” ते म्हणाले. इतकी वर्षं पुस्तकी बोलणारा माणूस घरच्या भाषेवर आला. “मी तोंड पाह्यलंच नाई तिचं.”

छोटेलालजींनी खिशातला मोबाईल हळूच आणखी आत सरकवला. पण कैलाशचा मोबाईल बाहेर होता. सकाळपासून छोटेलालजींच्याच स्टेटसवर फोटो झळकत होता: अध्यक्ष खांद्यावर बांबू घेऊन, मागं पसरलेल्या हातांची अन्नदा, खाली ‘जनतेसोबत, परंपरेसोबत’. सकाळपासून सगळ्या शहरानं तो पाहिला होता. जोडलेले हात आणि अंगठेसुद्धा पाठवले होते.

रुची चबुतऱ्याच्या कडेला बसली. ओमेशला वाटलं, आता ही रडणार.

“काय म्हणत होते लोक?” तिनं विचारलं. “तिला नेताना?”

सुलोचनाबाई तिच्याशेजारी टेकल्या. “सारंच सांगतलं तिले, पोरी. मी माहा दमा सांगतला. आमच्या शेजारच्या नंदाबाईनं नवऱ्याची दारू सांगतली. थे त कोणापाशी बोलत नाई, पण तिच्यापाशी बोलली. पोरांनी शाळा सांगतली. अध्यक्षजीनं विरोधी पक्ष सांगतला. एवढी देखणी नारबोद आमी पाह्यली नोहोती. बाया म्हणत होत्या, एवढी मोठी हाय, सारं घेऊन जाईन.”

रुचीला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम. “चौकात सारस आहे, त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही,” ती म्हणाली. “आणि माझ्या बाईला तुम्ही सगळं सांगितलंत.” तिनं ओमेशच्या रुमालात नाक शिंकरलं. “मग जाळली तर जाळली. वाईट वाटतंय मला, खूप वाटतंय. पण जाळली तर जाळली.”

साहेबांना मात्र कागद पुरा करायचा होता. “ते काही असो. शासकीय मालमत्ता नष्ट झाली आहे. कोणीतरी जबाबदार पाहिजे. चौकीदार गेट सोडून गेला, म्हणून...” त्यांनी पेन उघडलं. उदारामनं मान खाली घातली.

आणि इथं, कसं कोण जाणे, भैयाजींच्या डोक्यात आयुष्यात पहिल्यांदा दोन आणि दोन चार झाले.

“थांबा साहेब,” ते म्हणाले. “जबाबदार माणूस मला सापडला. मूर्ती झाकली नसती तर चौकीदारानं पाहिली असती. त्यानं म्हटलं असतं, अरे, ही तर नारबोद दिसते. आणि पाडव्याला ती राखायची कशी, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नसतं. झाकायचा हुकूम कोणाचा?”

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला.

“पोळ्याच्या संध्याकाळी, चिंचेखालीच उभी करा, हा हुकूम कोणाचा? आणि शेवटचा मुद्दा. आज सकाळी सारं शहर आपापली नारबोद पोचवायला गेलं होतं. प्रत्येकाला साक्षीदार आहेत. मलासुद्धा, दुर्दैवानं. फक्त एका माणसाला सकाळी कोणीच पाहिलं नाही.”

“मी झोपलो होतो,” साहेब म्हणाले.

“साक्षीदार?”

साहेबांनी छोटेलालजींकडे पाहिलं. छोटेलालजी चिंचेकडे पाहत होते. मग ते घसा खाकरून म्हणाले, “साहेब, कागद करालच, तर काडी कोणं लावली थे बी कागदावर येईन. कायले फाटे फोडता? पोरगा रातभर जागला बिचारा.”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. आदेश दुमडून खिशात घातला, आणि मग विचार बदलून तो फाडला. “उद्या मंत्र्यांना दाखवू काय?” ते क्षीण आवाजात म्हणाले.

“रिकामा चबुतरा दाखवा,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “सांगा, काम करून गेली. तुमच्या नगर परिषदेत आजवर कोणाचं काम पुरं झालं होतं का?”

उदाराम गेटाकडे गेला आणि आपल्या खुर्चीवर बसला. बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडला. ओमेशनं त्याला रडू दिलं आणि मंजूला फोन लावला.

“नवकरी राह्यली,” तो म्हणाला. “साहेबानं कागद फाडला.”

पलीकडं बराच वेळ नुसता हुंदक्यांचा आवाज येत होता. ओमेशनं सगळी हकिगत सांगितली. नारबोद, लुगडी, भैयाजी, काडी, सगळं. मंजूनं नाक ओढलं.

“माहं बी लुगडं होतं न तिच्यात,” ती म्हणाली. “हिरवं. मी बी होती सकाळी, मांगं मांगं. म्हटलं, माह्या नवऱ्याच्या नवकरीवरची पीडा घेऊन जा गे नारबोद. चार खेपा म्हटलं.”

“मंग झालं त.”

“झालं,” मंजू म्हणाली. तिचा आवाज आता निवळला होता. “पण दादा, नारबोद आमी जाळली, थे बरोबर हाय. थे होर्डिंगवरची सोन्याची मूर्ती कोणं नेली, थे सापडलं का?”

ओमेशनं तोंड उघडलं. मग चबुतऱ्यापाशी खांदा चोळत उभ्या असलेल्या भैयाजींकडे पाहिलं आणि हा प्रश्न त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

“तू झोप आता,” तो म्हणाला.